रिकामा कॅन

त्या कारखान्यात संडासाची भांडी बनत. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, काही फिकट गुलाबी. पेंढ्यात नीट बसवली तर एका ट्रकमध्ये नव्वद मावत. ती भरून घ्यायला गेटाबाहेर ट्रकांची जी लाइन लागे, तीत कधी वीस गाड्या असत, कधी पस्तीस. आणि लाइनीतल्या ड्रायव्हरांसाठी तिथं एकही संडास नव्हता. यात कुणाला काही विनोद आहे असं वाटत नसे. दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं; दिवेवाल्याला त्याचं काही वाटत नाही, आणि अंधारात बसलेल्याला विचारतं कोण?

लाइनीचा नियम सोपा होता. गेटवाला खडूनं गाडीच्या काचेवर नंबर लिहायचा. मग तो खिडकीतून नंबर पुकारणार, तीनदा. तेव्हा ड्रायव्हर सीटवर हवा. नसला की नंबर पुसला आणि गाडी लाइनीच्या शेपटीला. शेपटीला म्हणजे आणखी एक दिवस. पैसे मिळायचे ते खेपेचे, उभं राहायचे नाहीत. थांबणं हे काही काम नव्हे असं ट्रकमालकाचं मत होतं. तो स्वतः दिवसभर पंख्याखाली खुर्चीत थांबलेला असे, पण ते थांबणं वेगळं.

या लाइनीत एका ड्रायव्हरला सगळे उंट म्हणत. वय चौपन्न, तीस वर्षं स्टिअरिंगवर. उंच होता, मान जराशी पुढे काढून चाले, पण नाव त्यावरून पडलं नव्हतं. हा माणूस दिवसदिवस पाण्याला शिवत नसे. बाकीचे कधी भिंतीच्या आडोशाला, कधी दोन मैलांवरच्या चहाच्या टपरीमागं पळत, नंबर घालवून बसत आणि शिव्या देत. उंट सीटवरून हलत नसे. दोन वर्षांत त्याचा नंबर एकदाही गेला नव्हता. लाइनीत त्याला मान होता. ड्रायव्हरला मान मिळायच्या जागा जगात थोड्या; जी मिळाली ती त्यानं धरून ठेवली होती.

आधी तोही इतरांसारखाच पाणी पीत होता. दोन वर्षांपूर्वी एकदा फारच घाईची वेळ आली म्हणून तो मागच्या चाकाआड गेला आणि कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर कॅमेरा बसवला होता हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या खेपेला गेटाच्या खिडकीशेजारी काचेच्या चौकटीत त्याचा फोटो लागलेला. पाठमोरा, मान खाली. खाली छापलं होतं, ‘असे करू नये.’ चेहरा दिसत नव्हता. पण चौकड्याच्या शर्टावर उजव्या खांद्याला निळं ठिगळ होतं, आणि ते ठिगळ अख्ख्या लाइनीच्या ओळखीचं होतं.

कुणी फार चिडवलं नाही. तेच जास्त लागलं.

तो शर्ट त्यानं वाटेत एका पुलावरून टाकून दिला आणि घरी सांगितलं, वाळत घातलेला वाऱ्यानं उडाला. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं: आत घालायचंच नाही, म्हणजे बाहेर काढायचा प्रश्न नाही. बाटलीचा उपाय काही तरुण ड्रायव्हरांनी केला, तर गेटवाल्यानं केबिनी तपासायला सुरुवात केली. बाटली सापडली की गाडी महिनाभर बाहेर. उंटाला कसलीच भीती नव्हती. त्याच्या केबिनमध्ये सापडायचा तो फक्त पाण्याचा कॅन, पाच लिटरचा, झाकणाला धुतलेलं फडकं बांधलेला, काठोकाठ भरलेला.

आता त्या कॅनचं सांगतो.

सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. गावच्या नळाला चार दिवसांतून एकदा पाणी येई, तेही करंगळीएवढं. ड्रायव्हरची बायको आणि सोळा वर्षांची मुलगी पहाटेपासून भांडी मांडून बसत. अर्ध्या मैलावरून डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, अशा सहा फेऱ्या झाल्या की चार दिवसांचं पाणी. त्यातलं पहिलं, गाळून उकळून निवलेलं, कॅनमध्ये. मग पिण्याचं. मग स्वयंपाकाचं. उरलं तर अंघोळ.

“कॅनात जरा कमी भर,” त्या दिवशी निघताना तो म्हणाला.

“का? उन्हानं डांबर वितळतंय, आणि कमी भर म्हणे.”

“वाटेत मिळतं गं पाणी.”

“वाटेतलं पिऊन मागे चार दिवस आडवे झाला होता, ते कुणी काढलं? मी. हे घ्या. आणि हे बघा, मागच्यासारखं अर्धं परत आणायचं नाही. मी डोक्यावरून आणते ते पाणी गावभर फिरवून आणायला नाही.”

ते ‘मागचं’ दीड वर्षापूर्वीचं होतं. एकदाच त्यानं अर्धा भरलेला कॅन परत आणला होता. तिनं नुसतं कॅनकडे आणि मग स्वतःच्या मानेवर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं होतं. ते बघणं त्याला पुरलं. त्यानंतर कॅन रिकामाच घरी येऊ लागला.

मुलगी दारात डोकं खाजवत उभी होती. “बाबा, मी पंधरा दिवस केस धुतले नाहीत. शाळेत माझ्या मागच्या बाकावर कुणी बसत नाही.”

“बरंय की. मागून कुणी बघून लिहिणार नाही.”

ती हसली नाही. तो कॅन उचलून निघाला. पाच लिटर म्हणजे पाच किलो. त्या दिवशी जिन्यासारख्या पायरीवरून केबिनमध्ये चढवताना त्याचा श्वास दोनदा तुटला.

गेटावर नंबर लागला एकविसावा. दुपारी केबिनचा पत्रा हात लावू देत नव्हता. सीटखालून इंजिनाची धग, काचेतून उन्हाची. कंबर सकाळपासून दुखत होती. त्यानं नेहमीची दुखायची गोळी काढली, कॅनमधलं झाकणभर पाणी घेऊन गिळली. दिवसभरात दोन गोळ्या, दोन झाकणं. तेवढीच चैन. पायांना सूज होती; चपलेचे पट्टे कातडीत रुतले होते. चपला काढल्या तर परत चढायच्या नाहीत म्हणून त्यानं काढल्या नाहीत.

मागच्या गाडीचा बुटका ड्रायव्हर पायरीवर येऊन लटकला. हा त्याचा जुना दोस्त. पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून पाठीमागं उशी लावून गाडी चालवायचा.

“काय उंटा, मध्ये कुठं पाणवठा?”

“लागला की सांगतो.”

“लेका, तोंड बघ आरशात. गाल कसे वर आलेत! वहिनी खायला घालते वाटतं लोणी.”

“हवा भरून घेतलीय. चाकांबरोबर.”

“मी जाऊन येऊ का टपरीपर्यंत? अठरा चालू आहे.”

“जा आणि शेपटीला लाग. तुझी उशी बसवून ठेवू का सीटवर? गेटवाल्याला फरक कळायचा नाही.”

बुटका हसला, पायांची घडी घालून उभा राहिला, मग चेहरा वाकडा करून आपल्या केबिनमध्ये जाऊन बसला. गेटवाला खिडकीतून ओरडला, “अठरा! अठरा! आहे का कुणी, का गेला भिंत रंगवायला?”

लाइनीत कुणी हसलं. उंटानं चौकटीकडे बघितलं नाही. दोन वर्षांच्या उन्हानं फोटो पार उडाला होता, चौकडा गेला होता, मान गेली होती. निळं ठिगळ मात्र राहिलं होतं. चांगल्या कापडाचं असणार.

माल भरून, दोनशे मैलांवर उतरवून तो तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. गाडी मैदानात लावली. कॅन घेतला आणि पाय धुवायच्या निमित्तानं घराला वळसा घालून थेट परसात गेला. परसात एक लिंबाचं झाड होतं. आजूबाजूला सगळ्या रानाचा पापड झालेला. आळीतला पेरू, पपई, अबोली, सगळं वाळून काटक्या झालेलं. लिंब मात्र हिरवं गच्च, लिंबांनी वाकलेलं.

त्यानं फडकं सोडलं, झाकण काढलं आणि हातभर लांबून झाडाभोवती गोल फिरत पाणी ओतलं. गोळ्यांपुरती झाकणं सोडून सगळं. माती चर्र आवाज करत पीत होती. त्याच्या घशात तसाच काहीतरी आवाज झाला, पण घरी आल्यावर सुद्धा फार पाणी जात नसे आता. दोन घोट घेतले की मळमळे. सवय लागते म्हणतात ना, ती आपल्याला वाटते तितकी आज्ञाधारक नसते. लावता येते, सोडवता येत नाही.

तो कॅन घेऊन पुढच्या दारी आला. बायकोनं तो हातात घेतला, उलटा धरला, दोनदा झटकला. थेंब पडला नाही.

“शाब्बास,” ती म्हणाली. प्रत्येक खेपेला म्हणायची. दिवसभरात तिच्या तोंडून निघालेला हा एवढाच गोड शब्द असे आणि तो त्याच्या वाट्याला येई.

शेजारीण लिंबं मागायला आली होती. “भाऊजी, बरं अंग धरलंय हो तुम्ही! नाहीतर आमचे, नुसती खुंटी.”

“पाणी मानवतं त्यांना,” बायको अभिमानानं म्हणाली. “आणि लिंबालाही आमच्या हाताचा गुण आहे बाई. भांड्यांचं चूळभर खरकटं पाणी टाकते, तेवढ्यावर बघ कसं फोफावलंय.”

आलेल्या सुजेला बाळसं समजायची चूक आपल्याकडे मोठमोठ्यांनी केली आहे, त्या दोघींना काय नावं ठेवायची! त्यानं पाय खाटेखाली ओढून घेतले.

पुढच्या खेपेला नंबर होता नववा. गेटवाल्यानं नऊ पुकारला. मग परत पुकारला. तिसऱ्यांदा पुकारून तो खडू पुसायचं फडकं घेऊन आला तर ड्रायव्हर सीटवर होता. नियमाप्रमाणे होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, कपाळ त्यावर टेकलेलं.

“ओ उंट! झोपला का?”

उंटानं मान उचलली. त्याला गेटवाला दिसत होता, पण तो काय म्हणतोय ते लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. त्यानं क्लचवर पाय दाबायचा प्रयत्न केला. पाय तिथंच होता, पण त्याचा नव्हता.

“नऊ,” तो म्हणाला. “हजर.” आणि दारातून खाली कोसळला.

बुटक्यानं आपली गाडी लाइनीतून काढली, त्याला तीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. दोघांचेही नंबर पुसले गेले. गेटवाल्याचा नाइलाज होता.

हॉस्पिटलात बायको आणि मुलगी पोचल्या तेव्हा त्याच्या मानेत नळी होती आणि शेजारी एक मशीन त्याचं रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालत होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनाही बहुतेक बारा-चौदा तास उठू दिलं नव्हतं.

“दोन्ही मूत्रपिंडं गेलीत,” त्या म्हणाल्या. “एका दिवसात नाही जात अशी. लघवीला जळजळ, सूज, काही सांगितलं नाही का यांनी?”

“नाही.”

“दुखायच्या गोळ्या?”

“कंबरेसाठी घेतात. सगळेच ड्रायव्हर घेतात.”

“आणि पाणी? पाणी किती पितात?”

बायकोच्या चेहऱ्यावर तेवढ्यात उजेड आला. या एका प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं. “पाण्याचं नका विचारू. पाच लिटरचा कॅन देते खेपेला. उकळून, गाळून. थेंब परत येत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. “हे रिपोर्टशी जुळत नाही हो.”

कोपऱ्यात बुटका उभा होता. गप्प राहणं शहाणपणाचं आहे हे त्याला कळायला नेहमी एक वाक्य उशीर होई.

“पाच लिटर? यानं?” तो म्हणाला. “वहिनी, याला लाइनीत उंट म्हणतात. दीड-दीड दिवस थेंब नाही. गोळीपुरतं झाकणभर, बास. तिथं जायला जागाच नाही ना. आम्ही तर पोरांना दाखवायचो, बघा, याला म्हणतात ड्रायव्हर.”

“पण कॅन रिकामा यायचा,” बायको म्हणाली.

“मला काय माहीत? गेटावर तर भरलेला असायचा. मी डोळ्यांनी बघितलाय.”

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मशीन घरघरत होतं. ती काही विचारणार होती, तोंड उघडलंही, आणि उघडंच राहिलं.

“लिंब,” ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले.

“आमच्या अंघोळीचं पाणी झाडाला?” मुलगी एकदम ओरडली. “मी डोक्यात उवा घेऊन शाळेत जात होते, आणि तुम्ही...” मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं ओढणी तोंडात कोंबली आणि बाहेर पळाली.

डॉक्टरीणबाईंनी पुढचं सगळं नीट सांगितलं. आठवड्यातून दोनदा मशीनवर यायचं. गाडी बंद. आणि पाणी मोजून. लघवी होत नाही, त्यामुळं आत गेलेलं पाणी अंगातच साचणार, छातीत चढणार. चहा, दूध सगळं धरून दिवसाला अर्धा लिटर. त्यापुढं एक घोट नाही.

“अर्धा लिटर?” बुटका म्हणाला. या वेळी त्याला वेळेवर कळलं, आणि तो पुढचं बोलला नाही.

घरी आणल्याला आठ दिवस झाले तेव्हा मालकाचा माणूस टेंपो घेऊन आला. मालकानं चौकशी केली होती. तीस वर्षांचा जुना माणूस, काहीतरी केलं पाहिजे, म्हणून कारखान्यातून एक भांडं पाठवलं होतं. फिकट गुलाबी. कडेला जरासा टवका उडालेला, पण वापराला उत्तम.

“आजारी माणसाला उकिडवं बसायचा त्रास नको,” माणूस म्हणाला. “मालकांनी स्वतः सांगितलं.”

“मालकांना सांगा,” ड्रायव्हर म्हणाला, “फार उपकार झाले. जरा लवकर पाठवलं असतं तर उद्घाटन केलं असतं.”

माणसाला ते कळलं नाही. त्यानं भांडं पेंढ्यासकट परसात लिंबाखाली ठेवलं आणि सही घेऊन गेला. ट्रक त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या हाती गेला होता.

नळाचा दिवस आला. मायलेकी पहाटेच भांडी घेऊन गेल्या, उन्हं वर आल्यावर शेवटची फेरी झाली. बायकोनं पहिला हंडा गाळला, उकळला, निववला. हाताला जी वळणं लागलेली असतात त्यांना बातम्या उशिरा पोचतात. तिनं कॅन विसळला, काठोकाठ भरला, झाकण लावलं, धुतलेलं फडकं बांधलं आणि उंबऱ्याशी नेऊन ठेवला. मग तिथंच थांबली.

खाटेवरून तो बघत होता. त्याच्या उशाशी अर्ध्या लिटरची बाटली होती. दिवस डोक्यावर यायचा होता आणि तीत दोन बोटं पाणी उरलं होतं.

ती कॅन उचलून परसात गेली. तो भिंत धरत धरत मागं गेला. परसात बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पेंढ्यात गुंडाळलेल्या भांड्यावर बसला. बसायला बरं होतं.

“एकदा सांगायचं होतं मला,” ती झाडाकडे तोंड करून म्हणाली. “एकदा. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?”

“काय सांगणार? गेटावर माझा फोटो लावलाय म्हणून?”

“कसला फोटो?”

त्यानं सांगितलं. भिंत, कॅमेरा, चौकट. थोडक्यात सांगितलं, एखाद्याची गाडी पंक्चर झाल्याचं सांगावं तसं.

“तोंड नव्हतं गं आलं त्यात. पाठमोरा होतो. ठिगळावरून ओळखलं सगळ्यांनी.”

“माझ्या ठिगळावरून?”

“चांगलं शिवलं होतंस. फोटो उडाला, तेवढं उडालं नाही.”

तिचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या खांद्याकडे गेला आणि तिथं काही नाही म्हणून खाली आला. मग तिनं फडकं सोडलं, झाकण काढलं.

“असंच ओतायचात?”

“बुंध्यात नको. मूळ कुजतं. हातभर लांब. गोल फिरत.”

ती हातभर मागं सरली आणि गोल फिरत ओतू लागली. पाणी गटगट आवाज करत बाहेर येत होतं. त्याची जीभ टाळूला चिकटली होती, ओठांना भेगा होत्या. तो त्या धारेकडे बघत राहिला. तोंड फिरवलं नाही. माती चर्र करत पीत होती. दाराआड मुलगी उभी होती, ओल्या हातांनी कळशी धरून. तिनं ती कळशीही आणून मुकाट्यानं आईच्या पायाशी ठेवली.

कॅन संपला. बायकोनं तो सवयीनं उलटा धरला, दोनदा झटकला. थेंब पडला नाही.

“शाब्बास,” तो म्हणाला.

तिनं मागं वळून बघितलं नाही. कॅन तिच्या हातात कितीतरी वेळ तसाच उलटा होता, आत अजून काही पडायचं राहिलंय असा.